गोमा भोईरचं रक्त

गोमा भोईरसमोर कोणी कागदावर काही लिहिलं, की तो लिहिणाऱ्याचं मनगट धरायचा. "काय लिवलास? वाच." तलाठी असो, मतदारयादी करणारे मास्तर असोत, वाचून दाखवल्याशिवाय सुटका नाही. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. मिठागराचा मुकादम एकदा म्हणाला, "अरे, मी खरं वाचलं की खोटं, तुला काय कळणार?" गोमा म्हणाला, "तुजा तोंड बघून समजतं मना."

माझं मनगट त्यानं धरलं ते पन्नास सालानंतर लवकरच. कोणत्या समाजात कोणत्या गटाचं रक्त किती सापडतं, हे शोधायला मुंबईहून डॉक्टर ठाण्याच्या खाडीकाठी त्याच्या वस्तीत आले होते. मी नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होते. नाव, वय, गाव, नळीचा नंबर, ही यादी माझ्याकडे; आधीच्या वस्त्यांतल्या चाळीस नळ्या तीत होत्या. सुई पाहून माणसं मागे सरली. रक्त गेलं की मीठ ओढायची ताकद जाते, असं कोणीतरी उठवलं होतं. गोमानं पहिला हात पुढे केला. पाठोपाठ त्याची धाकटी बहीण नामी आली. नुकतंच लग्न झालेली, माहेरी आली होती.

"दुखला काय रे दादा?"

"मुंगी चावली. तू तं विंचवाला भीत नाय."

मग सगळी वस्ती रांगेत उभी राहिली. त्या दिवशीचं काम झालं ते या माणसामुळे. तेवढ्यात माझं मनगट धरलं गेलं.

"काय लिवलास, बाय?"

"तुझ्या नळीवर एकेचाळीस. नामीच्या बेचाळीस."

"माजा नाव?"

"नाव माझ्या वहीत आहे, गोमादादा."

"न् रगतात काय निंगला, ता कोन सांगंल?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं. म्हटलं आणि पुढच्या नळीकडे वळले.

दोन महिन्यांनी मुंबईहून पत्र आलं. एकेचाळीस आणि बेचाळीस पुन्हा पाठवा, महत्त्वाचे आहेत. कशासाठी महत्त्वाचे, ते लिहिलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. बहीणभाऊ मुंबईला जाऊन रक्त देऊन आले. पुढे गोमा एकटाच आणखी दोनदा गेला. दर वेळी दिवसाचं काम बुडवून. काय म्हणाले, विचारलं तर म्हणाला, "चा गोड व्हता, डाक्तर मुका व्हता." मी हसले. हसायला नको होतं.

पुढच्या वर्षी नामी बाळंतपणाला माहेरी आली. मूल झालं, पण रक्तस्राव थांबेना. आम्ही तिला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून ओ गट सांगितला आणि ओ गटाची बाटली मागवली. गोमा बाही वर करून दारात उभा. "माजा घ्या. एका आयशीचा रगत हाय."

"बाटली आली आहे. तुम्ही मध्ये येऊ नका."

बाटली लावली. थोड्याच वेळात नामीला हुडहुडी भरली, कंबर फुटते म्हणून ती ओरडू लागली. दुपारपर्यंत संपलं. मूल जगलं. कागदावर बाळंतपणात मृत्यू असं लिहिलं गेलं. गोमानं तोही कागद वाचून घेतला.

काही महिन्यांनी संशोधक डॉक्टर मोटारीतून आले. त्यांना एकेचाळीस नंबर पुन्हा हवा होता. मी त्यांना मिठागरात घेऊन गेले. गोमा वाफ्यात मीठ ओढत होता. बाहेर आला नाही. "आधी सांगा, मंग देतू," म्हणाला. भर उन्हात बांधावर उभं राहून डॉक्टरांनी पहिल्यांदाच सांगितलं. मोठ्या उत्साहानं सांगितलं. हे रक्त फार दुर्मीळ आहे, वरवर तपासलं तर ओ वाटतं, पण अशा माणसाला ओ गटाचंही चालत नाही, दिलं तर जिवावर बेततं. त्याला त्याच्यासारख्याचंच लागतं.

"तुमच्या बहिणीचंही अगदी हेच. त्यांना आणता येईल का?"

गोमानं हातातलं फावडं खाली ठेवलं. "ता तुमाला कवा समजला?"

"झालं की दीड वर्ष."

नामी गेल्याचं डॉक्टरांना माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, आणि ते मोटारीकडे पाहत राहिले. आमची पद्धत नंबरांची आहे, असं काहीतरी पुटपुटले. पद्धत! पत्र लिहायला नंबर पुरत होता, माणूस वाचवायला नाव लागत होतं, आणि नाव माझ्या कपाटात होतं.

गोमा ओरडला नाही. म्हणाला, "तुमच्या बुकासाठी आता येक थेंब नाय. पन असा मानूस कुटं अडला, तं मना बोलवा. चालत येन."

त्या आठवड्यात मी कार्डं लिहिली. नाव, वस्ती, रक्ताची हकिगत, आमच्या दवाखान्याचा फोन. ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक रुग्णालयाला एक. उत्तर कुठूनच आलं नाही, तेव्हा स्वतः फिरले. एका ठिकाणी माझं कार्ड टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सापडलं. तिथल्या कारकुनाला मी जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तीन वर्षांनी कल्याणहून फोन आला. शहाडची एक बाई, ऑपरेशन झालेलं, कोणाचंच रक्त जुळत नव्हतं, आणि कोणा डॉक्टरला भिंतीवरचं कार्ड आठवलं. गोमा मिठाच्या हातांनीच माझ्याबरोबर निघाला. रक्त जुळलं. संध्याकाळी बाईनं डोळे उघडून पाणी मागितलं. तिचा नवरा गोमाच्या पाया पडायला वाकला. गोमानं त्याला दंड धरून उठवलं. "पाया कसला पडतस? जा, तिच्यापाशी बस."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गोमादादा, वाचली ती."

तो माझ्याकडे वळला. नामी गेली त्या दिवशीही त्याचे डोळे असे नव्हते. "वाचली. येका कारडावर वाचली. नामीसाठी ता कारड कोनी लिवाचा व्हता?"

"मी."

"हां. तूच."

तो स्टेशनकडे एकटाच निघाला. नंतरही दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा तो गेला आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्यानं मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. बरोबर केलं.