कापलेल्या शब्दाची कुजबुज

१९७८, जूनचा पहिला सोमवार. काम दहा मिनिटांचं होतं. जात्यावरच्या एका ओवीतून एक शब्द काढायचा.

महाल भागात लोकगीतं जमवणाऱ्या एका संस्थेत मी टेप एडिटर होते. तेव्हा एडिटिंग म्हणजे अक्षरशः कापाकापी. शब्द कुठे सुरू होतो ते कानाने शोधायचं, टेपवर खूण करायची, ब्लेडने तेवढा तुकडा काढायचा, उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची.

ओवी सुभद्राबाईंची. वय सत्तरच्या पुढे, गाव उमरेडकडचं. ओवीत त्यांची आई घागर घेऊन विहिरीवर जाते, लोक तिला जातीवरून शिवी देतात, ती रिकाम्या घागरीने परतते. ती शिवी काढायची होती.

"टेप शाळांत जाणार," संचालक काळेसाहेब म्हणाले. "पोरं मधल्या सुटीत तोच शब्द वापरतील. आपल्यामुळे कोणाचा अपमान नको."

नियम मला पटत होता. आदल्या वर्षी एका पाटलाने रेकॉर्डिंगमध्ये हाच शब्द विनोद म्हणून वापरला होता. तो मी आनंदाने कापला होता.

हाही कापला. तुकडा पाकिटात ठेवला. हेडफोन लावून तपासलं. विहीर आली. तिथे सुभद्राबाई थांबतात, श्वास घेतात. त्या शांततेत, खूप लांबून, कोणीतरी तोच शब्द म्हणालं.

पाकीट पाहिलं. तुकडा आतच होता. मशीन बदललं. पंखा बंद केला. पुन्हा तेच. भर दुपारी मानेवर काटा आला.

कारण नंतर सुचलं. रिळावर टेपचे थर एकमेकांवर घट्ट बसलेले असतात. उन्हाळाभर रीळ लोखंडी कपाटात तापलं, की जोरात म्हटलेला शब्द शेजारच्या थरावर पुसट उमटतो आणि दोन-तीन सेकंद आधीच ऐकू येतो; मूळ शब्द कापला, तरी तो ठसा उरतो. कारण कळलं, तरी हेडफोन पुन्हा लावावासा वाटेना.

चारला सुभद्राबाई आल्या. आमची पद्धत अशी, की गाणारीने तयार टेप ऐकायची, मगच संमतीचा अंगठा. अंगठा नसेल तर रीळ पुसून दुसऱ्या कामाला घेत.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग एकदम ताठ बसल्या.

"हे कोन बोललं वं?"

"तुमचाच आवाज आहे."

"माहा नाही. माह्या मायचा हाय. अन् माहा शब्द कुठी गेला?"

"काढला. शिवी आहे ना ती."

"मले मालूम नाही काय? शिवीच नाही, तर माय रिकामी काहून आली? पाय घसरला का तिचा?"

साहेब दारातूनच म्हणाले, "आजी, तुमच्याच भल्यासाठी..."

"माह्या भल्यासाठी मलेच गप्प करता का गा?"

अंगठा न देता त्या जरीपटक्याला भाचीकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "उद्या सकाळी येतो. मायले जागेवर ठेवजो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आत, मी पाकीट उघडलं आणि शब्द होता तिथे जोडला. सुभद्राबाई आल्यावर त्यांचं एक वाक्य रेकॉर्ड करून ओवीच्या आधी लावलं: "हा शब्द माह्या मायले म्हनत होते. तुम्ही कोनाले म्हनू नका."

साहेबांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकलं. "शाळांना नको. संग्रहात राहू द्या." सुभद्राबाईंनी अंगठा दिला.

त्यानंतर ब्लेड उचलण्याआधी मी विचारत आले, शब्द कोणाचा आहे? म्हणूनच तो इथे लिहिलेला नाही. तो माझा नाही.

त्या सकाळी रीळ डब्यात घालण्याआधी एकदा शेवटचं ऐकलं. विहीर आली, श्वास आला. आधी कुजबुज, मग सुभद्राबाईंचा शब्द. मी हेडफोन काढून ठेवला, शिपायाला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी ते लोखंडी कपाट उन्हातून बाजूला ओढलं.