बरण्या धुण्याचं प्रॅक्टिकल

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये मी अभ्यासक्रमातला एकही प्राणी हातात घेतला नव्हता. झुरळं होती, पण ती सिंकखालून आपल्या पायांनी आलेली. पाल होती, ती ट्यूबलाइटच्या मागे राहायची. बेडूक कापायला बंदी आल्यापासून तो पडद्यावर कापला जायचा. सर प्रोजेक्टर लावायचे, एक गोरा हात बेडकाचं पोट उघडायचा आणि नेमकी तेव्हाच लाइन जायची. "पुढचं पुस्तकातून लिहून घ्या," असं म्हणून सर स्टाफरूममध्ये जायचे. आम्ही लिहून घ्यायचो. आकृत्या मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलवरून उतरवायच्या, आणि त्या मुलींनी त्या त्यांच्या आधीच्या मुलींच्या जर्नलवरून उतरवलेल्या. कोणीतरी केव्हातरी गांडुळाला एक हृदय जास्तीचं काढलं होतं, ते तसंच सगळ्यांच्या वहीत धडधडत होतं. सर न बघता सही करायचे.

मी शेलूबाजारची. रोज सकाळी जीप नाही तर एसटी धरून वाशीमला यायचे. जीवशास्त्र मी हौसेनं घेतलं होतं. कोंबडी सोलताना काका मला पिटाळून लावायचे, आणि मी भिंतीआडून डोकावून तिच्या पोटातलं पिवळं, जांभळं, निळसर असं सगळं बघत राहायचे. मला कधी घाण वाटली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यावरून कोणी म्हणेल की पोरगी नाजूक होती.

लॅबचा वास मात्र पहिल्या दिवसापासून नाकात बसला. फॉर्मॅलिन, उंदरांचं मूत आणि उकळलेला चहा. कोपऱ्यात एक जुना फ्रिज होता. त्यात जंतू वाढवायच्या काचेच्या बशा ठेवलेल्या असत आणि त्यांच्याच शेजारी स्टाफच्या चहाचं दूध. लॅबचे शिपाई, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्याच फ्रिजमध्ये आपला डबाही ठेवत. एकदा दुधाच्या पातेल्यावर आणि बशीत सारखीच हिरवी बुरशी दिसली. मामांनी चमच्यानं वरची साय काढली, चहा ठेवला आणि सरांना नेऊन दिला. सरांनी फुर्रकन घोट घेतला. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

माझ्यासोबत बाकावर मेडशीची एक मुलगी बसायची. शेतकऱ्याच्या घरची, हातानं राकट, तोंडानं फटकळ. तिच्या वेणीला तेलाचा वास यायचा आणि त्या लॅबमध्ये तेवढाच एक वास बरा होता. तुरी सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत ती सकाळी शेतात जाऊन मग कॉलेजला यायची. तरी तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

थंडीत एक दिवस सर वर्गात आले ते हसतच. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती. एरवी बंद असलेली नमुन्यांची खोली उघडायची, साफ करायची, तिच्या दारावर 'प्राणी संग्रहालय' अशी पाटी लावायची. मुलांना रंगकाम आणि खुर्च्या उचलायचं काम मिळालं. मुलींना बरण्या.

"मुलींना सवय असते घासायची," सर म्हणाले. मागच्या बाकांवरचे पोट्टे हसले.

"सर, हातमोजे?" मी विचारलं.

"आहेत ना. पण ते परीक्षेला लागतात. साबणानं हात धुवायचे नंतर. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात तुम्ही."

हे वाक्य त्यांना फार आवडायचं.

खोली उघडली तेव्हा आधी काहीच दिसलं नाही, फक्त धूळ आणि फळ्यांवर रांगेनं बरण्या. जवळ गेल्यावर दिसलं की बऱ्याचशा बरण्यांमधलं पाणी तपकिरी झालं होतं. नमुने टिकवायला फॉर्मॅलिन लागतं, ते हळूहळू उडतं, म्हणून मधूनमधून भरावं लागतं. मामांनी वर्षानुवर्षं ते नळाच्या पाण्यानं भरलं होतं. बाहेरून बरणी भरलेली दिसली म्हणजे झालं.

माझ्या मेडशीच्या मैत्रिणीनं पहिल्या बरणीचं झाकण पिळलं. हललं नाही. तिनं ओढणीचा पदर धरून जोर लावला आणि ते फटकन निघालं.

वास कसा होता ते मला नीट सांगता येत नाही. विहिरीत मेलेलं जनावर फुगून वर येतं तेव्हा येतो तसला, पण त्यात औषधाचा उग्रपणा मिसळलेला, त्यामुळं तो नाकातून सरळ डोळ्यांत गेला. आत साप होता. लेबलवर त्याचं लॅटिन नाव सुरेख अक्षरात लिहिलेलं. बरणी वाकडी केली तर साप आला नाही, आंबील ओतल्यासारखं काहीतरी आलं आणि त्यामागून मणक्यांची माळ. माझ्या हातावर त्याचा शिंतोडा उडाला. मी खिडकीशी धावले आणि बाहेर ओकले.

"अव, सांभाळून," मैत्रीण म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते. "हे का संग्रहालय हाय? हे त नुसतं मढंघर हाय."

मासे सडून तळाशी चिखल झाले होते. विंचवाची नांगी वेगळी तरंगत होती. एका बरणीत कोणीतरी पान खाऊन थुंकलं होतं. मी ते आधी जंतूंची वाढ समजले, लाल धागे निघाले म्हणून. मग सुपारी दिसली.

सडलेलं सगळं मामा बादलीतून नेऊन कॉलेजच्या मागं एका उघड्या खड्ड्यात ओतत होते. माती टाकायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. दुपारी जेवायच्या सुट्टीत आम्ही बाहेर आलो तर एक कुत्रं तोंडात ससा धरून सायकल स्टँडकडं निघालं होतं. आमच्याच फळीवरचा ससा, कानाला अजून नंबरचा दोरा बांधलेला. पोट्टे त्याचा व्हिडिओ काढत होते, एकानं तर कुत्र्याला बिस्किट दाखवून मुद्दाम मुलींकडं वळवलं. सर पायरीवर उभे होते. त्यांनी बघितलं, घड्याळ बघितलं आणि आत गेले.

ज्या बरण्या बऱ्या होत्या त्यांत आम्ही नवं फॉर्मॅलिन भरलं. उघड्या हातांनी. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली, चिमटा काढला तरी कळेना. मैत्रिणीच्या तळहातांना तुरीच्या खुंटांनी आधीच चिरा पडल्या होत्या. फॉर्मॅलिन चिरांमध्ये गेलं की ती दात आवळून तोंड फिरवायची.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात वरच्या फळीवर, मागं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बरणी सापडली. मैत्रिणीनं स्टुलावर चढून ती खाली दिली. मी कागद सोडवला.

आत माणसाचं बाळ होतं. पुरतं न वाढलेलं, माझ्या पसरलेल्या पंजाएवढं. काचेच्या पट्टीला दोऱ्यानं बांधून उभं केलेलं, मान एका बाजूला कललेली. रंग जुन्या मेणबत्तीचा. याचं फॉर्मॅलिन कसं कोण जाणे टिकलं होतं, त्यामुळं सगळं स्पष्ट दिसत होतं. बोटांना नखंसुद्धा होती. बरणीला लेबल नव्हतं.

"माय व," मैत्रीण म्हणाली आणि स्टुलावरच बसली.

आम्ही सरांना बोलावलं. ते दारातच थांबले, नाकाला रुमाल.

"लेबल आहे?"

"नाही सर."

"मग हे समितीसमोर नको. कुठून आणलं, परवानगी कुठाय, छप्पन्न प्रश्न विचारतील. मामांना द्या, ते टाकतील."

"कुठं टाकतील?" मी विचारलं.

"बाकीचं जिथं टाकलं तिथं. अजून कुठं?"

"तिथं कुत्रे हाईत सर," मैत्रीण म्हणाली. "काल ससा नेला ना त्यायनं. तुमी पाह्यलं."

सर वैतागले. "अगं, टिश्यू आहे तो. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात तुम्ही. एवढं काय मनाला लावून घेता?" आणि जाता जाता दाराची पाटी थोडी सरळ केली.

मामा आले, बादली घेऊनच. मैत्रीण बरणीपुढं उभी राहिली.

"नाई देत."

"अव पोरी, मले साहेबानं सांगतलं. तू काहून मधात येऊन राह्यली?"

"आमी पुरतो. तुमी जा."

मामांनी खांदे उडवले. "पुरा बाप्पा. माह्या डोक्याचा ताप गेला." बादली तिथंच ठेवून ते चहा करायला गेले.

मला खरं तर तिथून पळून जायचं होतं. माझ्या मनात त्या बाळाबद्दल माया वगैरे काही दाटून आली नव्हती. मला त्याची किळस येत होती आणि किळस येते याचा राग येत होता. मैत्रिणीनं झाकण काढलं, फॉर्मॅलिन सिंकमध्ये ओतलं. कात्रीनं दोरा मी कापला. तिनं आपली ओढणी काढून पसरली आणि त्यात ते घेतलं.

वनस्पतिशास्त्राच्या बागेतून फावडं आणलं. कुंपणाशी, कडुलिंबाच्या पलीकडं, खड्ड्यापासून लांब, आम्ही खणायला लागलो. काळी माती वाळून दगड झाली होती. फावडं तीच मारत होती, मी ढेकळं बाजूला करत होते. खणता खणता, माझ्याकडं न बघता ती बोलली.

"माह्या भावजयीचं सहाव्या महिन्यात गेलं. दवाखान्यातल्या बाईनं म्हटलं, तुमी घरी जा, आमी पाह्यतो त्याचं. माहा भाऊ हात जोडून आला. कोणी इचारलंच नाई, पाह्यतो म्हंजे काय करता."

हे तेच होतं असं नव्हतं, ही बरणी आमच्या जन्माआधीची असेल. पण कोणाला तरी कोणीतरी 'आम्ही बघतो' म्हटलंच असणार.

माती लोटली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. तिनं हात जोडले, मीही जोडले. वर्गाच्या खिडकीतून एक पोट्टा ओरडला, "काय व, लसूण लावून राह्यल्या काय?" ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली, तेव्हा तो खिडकीतून बाजूला झाला.

त्या दिवशी मी घरी जाऊन हात कितीतरी वेळ घासले. राखेनं, लिंबानं, घासलेटनं. जेवणाचा घास तोंडाजवळ नेला की तोच वास. आई म्हणाली, "काय झालं व तुले? तोंड काहून असं करून राह्यली?" मी म्हटलं, डोकं दुखतं. पुढं बरेच दिवस मी चमच्यानं भात खाल्ला. भाकरी हातानं मोडवतच नव्हती.

समिती आली. रांगोळी, शाली, नारळ. संग्रहालयात त्यांचा मुक्काम जेमतेम फोटो निघेपर्यंत. आम्हाला एकसारख्या पांढऱ्या ॲप्रनमध्ये बरण्यांशेजारी उभं केलं होतं. ते ॲप्रनही दुसऱ्या कॉलेजमधून त्या दिवसापुरते मागून आणलेले, माझ्या कॉलरला कोणाच्या तरी घामाचा पट्टा. सरांनी समितीला सांगितलं की आमच्याकडं जीवांविषयी आदर शिकवला जातो. ते बोलत असताना मला त्यांच्या दातांत अडकलेली काजूची फाक दिसत होती. तिच्याशिवाय मला कुठंच बघता येईना.

समितीतल्या एक मॅडम माझ्यासमोर थांबल्या. "छान ठेवलेत नमुने. कोणी केलं?"

आम्हाला उत्तरं पाठ करून दिली होती. 'सरांच्या मार्गदर्शनाखाली' अशी सगळ्यांची सुरुवात. मी ते बोलले नाही.

"आम्ही मुलींनी धुतले मॅडम. अर्धे सडले होते, ते मागच्या खड्ड्यात टाकलेत. हातमोजे दिले नव्हते." आणि मैत्रिणीचा हात धरून मी तिचा तळवा वर केला. कातडी सोलून निघाली होती, खाली लाल मांस दिसत होतं.

मॅडमनी बघितलं. चष्मा वर करून नीट बघितलं. मग सरांकडं वळून म्हणाल्या, "किती समर्पित मुली आहेत हो तुमच्या!"

सर हसले. सगळे हसले. आणि मंडळी जेवायला गेली. हॉलच्या दारातून श्रीखंडाचा वास येत होता.

मैत्रीण बाहेर येऊन पायरीवर बसली. "ऐकलं काय व? समर्पित." ती जमिनीवर थुंकली. "इथं खरं बोललं तरी यायले गोडच लागते."

समितीचा शेरा चांगला आला. खोलीला पुन्हा कुलूप लागलं. सर मला रागावतील याची मी वाट बघत होते. त्यांनी काहीच केलं नाही, उलट दिसले की "काय, बरं आहे ना?" विचारायचे. त्यांचं ते विचारणं मला पाठीवर गोगलगाय फिरल्यासारखं वाटायचं. उन्हाळ्याआधी प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक आले, पोह्यांवर शेव घालून घेतली, सरांशी कोणाची बदली कुठं झाली ते बोलले. मला स्लाइड ओळखायला दिली. सूक्ष्मदर्शकाचा आरसा फुटका होता, काहीच दिसत नव्हतं. मी तसं सांगितलं. "अमीबा लिहा," परीक्षक म्हणाले.

मैत्रिणीच्या हातांना नवी कातडी आली, पण पातळ, गुलाबी. पुढच्या वर्षी तिनं प्राणिशास्त्र सोडून दिलं. वडिलांनी कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "गोठा साफ करायले कॉलेजात काहून जाऊ? घरी हाय ना."

माझा निकाल लागला. प्राणिशास्त्र प्रॅक्टिकल, पैकीच्या पैकी. वर्गात सगळ्यांनाच पैकीच्या पैकी होते, त्या लसूणवाल्या पोट्ट्यालासुद्धा. आईनं शेलूबाजारच्या हॉटेलातून पेढे आणले, देवापुढं ठेवले, गल्लीत वाटले, आणि एक माझ्या तोंडापुढं धरला.

"घे माय. नाव काढलं तू."

मी तो हातात घेतला, मागच्या दारी गेले आणि म्हशीच्या गव्हाणीत टाकला. तिनं हुंगला आणि खाऊन टाकला.