एकाच पायात घुंगरं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरातले सगळे म्हणतात. असेल. पण त्या दिवशी तो अगदी योग्य जागी होता, यावर मी आजही ठाम आहे.

इथे आखातात, बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये मॉरिशसचं एक कुटुंब राहतं. तो आफ्रिकी वंशाचा, ती मराठी. तिचे कुणी पूर्वज कधीकाळी रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर राबायला बोटीने गेले आणि तिकडचेच झाले. घरात ते क्रिओल, म्हणजे तिकडची बोली, बोलतात. तिची मराठी शाळेत शिकलेली, सणावारी नेसायच्या साडीसारखी जपून वापरलेली. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "ताई, मी पण मराठी आहे," आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू मी नाही म्हणणार होते. मी तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि चहा टाकला.

आमच्या मुली अल दुहैलच्या एकाच शाळेत जातात. तिथे हिवाळ्यात देशोदेशींचा दिवस असतो. प्रत्येक देशाला एक टेबल, एक झेंडा आणि मैदानात नाचायला थोडा वेळ. मी भारताच्या टेबलावर, उकडीचे मोदक घेऊन. तिने मॉरिशससाठी लाकडी डोडो काढला, शिडाचं छोटं जहाज काढलं, लाल-निळा-पिवळा-हिरवा झेंडा इस्त्री केला. आणि म्हणाली, "मी आणि माझी मुलगी नऊवारी नेसून झाकरी करणार."

झाकरी म्हणजे आमची कोकणातली जाखडी. माझे वडील गणपतीत नाचायचे. मधे गाणारे, भोवती फेर, आणि प्रत्येकाच्या एकाच पायात घुंगरं. तिने आमच्या हॉलमध्ये पहिली गिरकी घेतली तेव्हा मी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. उजव्यात घुंगरं, डावा मोकळा. एवढ्या पिढ्या गेल्या, भाषा अर्धी गळून पडली, पण डावा पाय मोकळाच राहिला होता. मला भरून आलं. तिचा नवरा साथीला रावान वाजवायचा. त्याच्या आजोबांचा डफासारखा, बकऱ्याच्या कातड्याचा. तिच्या गावात म्हणे एकदा ऐन गणपतीत मृदंग फुटला, शेजारचा एक जण रावान घेऊन आला, आणि तेव्हापासून झाकरी त्यावरच.

तालमीला पालक समितीच्या बाई आल्या. पुण्याच्या. तिच्यासमोरच, तिला कळत नाही असं गृहीत धरून, मला म्हणाल्या, "अहो, हे तर आपलं आहे! मॉरिशसचं म्हणजे सेगा, ते फुलाफुलांचे घागरे. तसलं काहीतरी करायला सांगा. नाहीतर इंडियाच्या डान्समध्ये मागच्या रांगेत घेऊ. लोक उगाच कन्फ्यूज होतात. आणि हो, दुसऱ्या पायातली घुंगरं राहिलीत बांधायची, सांगा तिला."

"राहिली नाहीत," ती म्हणाली. "असंच असतं." मग खाली बसून आहे तीही सोडायला लागली. "सेगा नाचले तर म्हणतात, तू इंडियन दिसतेस. झाकरी केली तर म्हणतात, हे इंडियाचं. माझ्या मुलीने कुठे उभं राहायचं, ताई?"

तिची मुलगी आईच्या सोडलेल्या घुंगरांकडे बघत होती. माझं डोकं फिरलं.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या त्या 'आपल्या'त मीही येते ना? मग ऐका. घुंगरं एकाच पायात असतात. आणि ही मॉरिशसच्या झेंड्याखालीच नाचणार. खलास."

"दोघींचा कसला फेर होणार?" बाई म्हणाल्या. खोचक होतं, पण खोटं नव्हतं. दोघींचा फेर होत नाही.

देशोदेशींच्या दिवशी मैदानात विस्तव पेटवायला परवानगी नव्हती, आणि शेकल्याशिवाय रावान बोलत नाही. तिच्या नवऱ्याने तो गाडीच्या बॉनेटवर उन्हात ठेवला. कातडं ताणलं, पहिली थाप पडली आणि मी मोदकांवर झाकण घातलं.

"अहो, टेबल कोण बघणार?" बाई ओरडल्या.

"मोदक काय पळून जातायत?"

माझ्या मुलीच्या कथकच्या क्लासची घुंगरं मी पिशवीत घालूनच आणली होती. त्यातली एक माळ माझ्या पायात बांधली, दुसरी लेकीसमोर धरली. एका जोडीत दोघींचं भागतं, हा या नाचाचा मोठा फायदा.

"आई, दॅट्स नॉट अवर फ्लॅग!" ती कुजबुजली.

"झेंडा त्यांचा, पाय तुझा. यल्ला, चल, बांध."

तिने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा फेरात एकटीच हात पुढे करून उभ्या असलेल्या आपल्या मैत्रिणीकडे. मग बूट काढले आणि डावा पाय पुढे केला.

"उजवा!" आम्ही दोघी आया एकदमच ओरडलो.