त्याचा न खर्चलेला रुपया

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. ठरलेली मजुरी तीनशे रुपये. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि वसमतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो.

लग्नानंतर पत्नी मोटारशर्यतीचा एक गेम रोज खेळायची. गेम जुन्या चौकोनी पडद्यासाठी बनलेला; नव्या रुंद पडद्यावर सगळं पसरट दिसू लागलं. "ही चाकं हायत का वांगी?" म्हणून तिने खेळणं सोडलं होतं.

त्याच्या खिशात एक जुना रुपया असतो. तो रुपया तो कधी खर्चत नाही. पडद्यावरच्या गोल वस्तूवर धरून गोलाई तपासतो. गेमच्या शौकिनांनी जुना गेम नव्या पडद्यावर नीट दिसावा म्हणून फुकट बनवलेले पॅच त्याने नेटवरून आणले. त्यांना तो ठिगळं म्हणतो.

पहिल्या ठिगळाने गेम उघडेना. दुसऱ्याने चित्र नव्या पडद्याच्या पूर्ण मापात, १९२० बाय १०८०, स्वच्छ आलं, पण चाक रुपयाच्या डाव्या-उजव्या बाजूंना जास्त उरलं.

"चालतंय की," मी म्हणालो.

"न्हाई भाईसाब. शिवण दिसून राहिली."

तिसरं ठिगळ लागलं, आणि रुपयाभोवती चाकाची कड चहूकडून सारखी दिसली.

"बराबर," तो म्हणाला. "बराबर. भाभी, चालवा. मी बी येतो संगं."

एकाच कीबोर्डवर दोघे बसले. पत्नी सव्वीस सेकंदांनी जिंकली आणि कितीतरी दिवसांनी टाळी देऊन हसली.

तीनशे रुपये मी त्याला दिले. हरल्याबद्दल एक रुपया त्याने खिशातून काढून माझ्या पत्नीला दिला. तोच रुपया.