मल्हारगंजातला पहिला पडदा

टीव्हीचा शोध कोणी लावला याबद्दल पुस्तकात काहीही छापलेलं असो, इंदूरपुरता तो आमच्या आतोबांनीच लावला, असं मल्हारगंजात निदान एक माणूस ठामपणे मानतो. तो म्हणजे स्वतः आतोबा. गल्लीतला पहिला टीव्ही त्यांनी आणला, हे मात्र खरं. तेव्हापासून त्यांचं पंचांगच वेगळं. ‘‘तुझ्या बापाचं लग्न ब्लॅक अँड व्हाइटमध्ये झालं, तू रंगीत आल्यावरचा,’’ असं ते मला येणाऱ्याजाणाऱ्यासमोर सांगतात. आत्याशी बिनसलं की म्हणतात, ‘‘रिमोट आला आणि या घरात माझ्या हाती काही राहिलं नाही.’’

तो पहिला लाकडी सेट त्यांनी माडीवर जपून ठेवला होता. सरकारी डिशचा डबा जोडून तो चालू ठेवला होता आणि रोज बातम्या त्याच्यावरच बघायचे. यंदा घराचं रंगकाम काढलं, तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, आता बस हो गया. सोमवारी हा भंगारात न्यायला कबाडीवाला येतोय.’’ आतोबांचं दोन दिवस जेवण तेवढं कमी झालं.

रविवारी क्रिकेटची फायनल. मुलाने भिंतभर नवा टीव्ही लावून निम्म्या गल्लीला बोलावलं होतं. शेवटची षटकं आली आणि बाहेर ड्रेनेजसाठी खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली. पडदा काळा. मोबाइल काढले, तर त्यांच्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

‘‘माडीवर चला,’’ आतोबा शांतपणे म्हणाले.

सगळे चढले. सेट तापायला वेळ लागला, मग पडद्यावर मुंग्या, मग चित्र. दोन्ही संघ करडेच दिसत होते. ‘‘आपले कोणते, भिया?’’ शेजाऱ्याने विचारलं. ‘‘जे धावतायत ते,’’ आतोबा म्हणाले. चित्र हललं की लोक ओरडत आणि आतोबा सेटच्या कुशीत एक थाप मारत. शेवटच्या चेंडूवर आपण जिंकलो, तेव्हा माडी इतकी हादरली की खाली आत्याने पोह्यांचा गॅस बंद केला.

मुलाने तिथेच फोन करून कबाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

लोक पांगल्यावर आत्या वर आली. आतोबा सेटपाशी उभेच होते. सामना चालू असताना मी पाहिलं होतं, त्यांची पाठ पडद्याकडे होती; ते दाटीवाटीने बसलेल्या माणसांकडे बघत होते.

‘‘जिंकलो कसे, ते तरी पाहिलंत का?’’ आत्याने विचारलं.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण किती वर्षांनी सगळे एकाच टीव्हीसमोर बसले गं.’’