लोदोईचा उन्हाळी अंगरखा

लोदोई गेला तेव्हा त्याचे बूट, टोपी, हिवाळी कोट, सगळं त्याच्या बायकोने, सेवजिदने, रीतीप्रमाणे वाटून टाकलं. मेलेल्याचे कपडे घरात राहिले तर जीव मागे घुटमळतो, असं लामाने बजावलं होतं. एक जुना उन्हाळी अंगरखा तेवढा तिने खोगिराच्या पेटीत दडवला. कुणी विचारलं असतं तर तिने पोटाचं कारण सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. ओळखीचा वास जवळ नसेल तर घोडी पान्हा सोडत नाही. माणूस बदलला तर नव्या माणसाने जुन्याचे कपडे घालावेत, हे मंगोलियाच्या त्या माळावर पोराटोरांनाही ठाऊक.

लोदोईचा हात शिंगरांना असा मानवायचा की शेजारचे जळायचे. उन्हाळा लागला की तो जमिनीलगत दावण ताणायचा, शिंगरं बांधायचा आणि नुसता बसून राहायचा. शिंगरू आपण होऊन हुंगायला आलं की डाव्या अंगाने मानेखाली खाजवायचा. तोंडाला हात लावायचा नाही. डोक्यावर मारणं तर महापाप. "भ्यायलेलं जनावर धरता येतं, आपलं करता येत नाही," म्हणायचा. मग शिंगरू घोडीच्या कुशीशी तो धरायचा आणि सून दूध काढायची.

त्या वर्षी दावण सेवजिदने ताणली. पहिल्या दिवशी घोड्या उधळल्या. दुसऱ्या दिवशी ती अंगरखा घालून गेली आणि त्या मुकाट उभ्या राहिल्या. इथवर ठीक होतं. पण करड्या घोडीचं शिंगरू लोदोईच्या माघारी जन्मलेलं, त्याला कधी न पाहिलेलं, सगळ्यांत बुजरं. तेच सरळ चालत आलं आणि तिच्या काखेत तोंड खुपसून उभं राहिलं. त्याचे कान मात्र तिच्या पाठीमागे लागले होते, तिथे कुणी उभं असावं तसे. सेवजिदने वळून पाहिलं नाही. तिथे कुणी नाही, हे तिला बघायचंच नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. तिची बोटं त्याच्यासारखी खाजवू लागली. घसाही ती त्याच्यासारखाच खाकरू लागली. तिला भीती वाटत नव्हती. उलट सुख वाटत होतं, आणि वाईट ते हेच होतं. एका सकाळी सून सोलोंगो चहाचा वाडगा घेऊन आली आणि पाठमोऱ्या अंगरख्याला म्हणाली, "बाबा, चहा."

सेवजिद वळली. सोलोंगोच्या हातून वाडगा पडला.

"आई, ते गेलेच नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही जाऊ देत नाही त्यांना."

"आणि दूध? ते काय तुझा बाप देणार?"

लोदोईचा जुना मित्र दगवा तिथेच घोडा बांधत होता. "वहिनी," तो हसत म्हणाला, "जिवंतपणी काय कमी राबवलंस बिचाऱ्याला? मेल्यावरही दावणीला बांधलंस?"

कुणी हसलं नाही. शिंगरं संध्याकाळी तरी सुटतात, एवढं सेवजिदच्या मनात आलं. त्याच दुपारी तिने टेकडीआड अंगरखा जाळला. घामाने कडक झालेलं कापड जळायला वेळ लागला. ती शेवटपर्यंत उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी ती आपल्याच कपड्यांत गेली. करडीचं शिंगरू दावं ताणून मागे सरलं, फुरफुरलं. ती खाली बसली. ऊन चढलं, माश्या घोंघावू लागल्या, सोलोंगो जेवायला हाका मारून थकली. दूध आटलं तर हिवाळ्यात खायचं काय, हे सेवजिदला कळत होतं. तरी आत कुठेतरी तिला वाटत होतं, नको येऊस. तू त्यांचाच राहा.

दिवस कलताना शिंगरू आलं. त्याने तिची बाही हुंगली, बोटं हुंगली आणि मान तिच्या हातावर टाकली. सोलोंगोने धावत घोडी आणली. शिंगराने दोन ढुशा दिल्या, पान्हा फुटला, सेवजिदने त्याला कुशीशी ओढून धरलं आणि बादलीत धार वाजू लागली.

"आई, जमलं!" सोलोंगो ओरडली. "तुमचं ऐकतंय!"

"मेल्या," सेवजिद शिंगराच्या कानाशी म्हणाली, "एका दिवसात विसरलास त्यांना?"

आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच ती मोठमोठ्याने रडली. शिंगरू दचकलं नाही. तेच तिला सोसवेना.