पकडबाईंनी आणलेली मुलगी

निकालाच्या दिवशी कॉलेजच्या दारात आमच्या शाळेच्या मोठ्या बाई छत्री घेऊन उभ्या असायच्या. कुणी पोरगा मार्कशीट घेऊन बाहेर पडला की छत्रीची वाकडी मूठ त्याच्या दंडाला अडकवायच्या आणि म्हणायच्या, "पास झालास ना? मग आता काय, बँकेच्या परीक्षेची वाट बघणार? बघ की. आमच्या शाळेत बसून बघ." पोरगा हसायचा, आणि हसला की गेला. सोमवारी तो आमच्या वस्तीत दिसायचा, हातात खडू. म्हणून आम्ही सगळ्या आया त्यांना पकडबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. "पकडते, पण डांबून ठेवत नाही हो," म्हणायच्या.

आमची शाळा म्हणजे कल्याणला खाडीच्या अंगाला चार खोल्या, वर पत्रे. शिकलेले मास्तर यायचे आणि महिन्यात दुसरीकडे जायचे, म्हणून बाई अशी नवी बी.ए., बी.एस्सी. झालेली पोरं धरून आणायच्या, कल्याणहून, डोंबिवलीहून, कधी पार ठाण्याहून. सगळ्यांकडे एकच वर्ष मागायच्या. जास्त मागितलं की माणूस पळतो, आणि एक वर्ष राहिला की त्याला पोरांची सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. काही तर चार-चार वर्षं राहिले.

पण बाईंची खरी पद्धत वेगळीच होती, ती दुसऱ्या कुठल्या शाळेत असेल असं मला वाटत नाही. पकडलेल्या माणसाला त्या आधी शाळेत न्यायच्या नाहीत, कुणातरी आईच्या घरी न्यायच्या. "शाळेला भिंती आहेत, ती कुठे पळून जात नाही. तू आधी आई बघ, आणि आईला तुला बघू दे." आणि ते घर बहुतेक वेळा आमचं, कारण आमचं दार गल्लीच्या तोंडाशी. मुलगी बघायला येतात ना, अगदी तसं व्हायचं. तो शिकलेला पोरगा चटईवर मान खाली घालून बसलेला आणि आम्ही बायका त्याला प्रश्न विचारणार. मी तर सातवीतून काढलेली, मला पोस्टमनशी बोलायची पण भीती वाटायची, नि बाई मला म्हणायच्या, "तू विचार गं. तू पास केलंस तर मी घेते. नाही म्हणालीस तर नाही."

मला पहिल्यांदा काही सुचेना. मग मी एकच विचारायचे, "पोराला मारणार का हो?" त्यावर एक गॉगलवाला म्हणाला, "गरज पडली तर." बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि तो गॉगलवाला गेला. माझ्या मान हलवण्याने एक बी.कॉम. झालेला माणूस परत गेला, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसरा एक आला, त्याने आमचा स्टो भरभरत होता तो बघितला आणि विचारलं, "पिन आहे का?" पिन घालून साफ करूनच दिला. शेजारची हौसाबाई दारातून म्हणाली, "सावळा आहे, पण हाताला चांगला आहे गं. घ्या." बाई म्हणाल्या, "हौसाबाई, जावई नाही करायचा, तिसरीला घ्यायचाय." सगळी गल्ली हसली. तो दोन वर्षं होता, वर्ग त्याचा तिसरीचा, पण माझ्या संतोषला पहिली-दुसरीत बसतं केलं ते पण त्यानेच.

बाईंचा एक नियम होता. पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलेला. "काय वाटेल ते विचार, पण आडनाव विचारायचं नाही. मी पण विचारत नाही. रजिस्टरमध्ये लिहायची वेळ येते तेव्हा बघते, तोवर मला माणूस आवडलेला असतो." मी हो म्हटलेलं. नियम कशासाठी आहे ते मला कळलं नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं, पण कळलं होतं.

तो स्टोवाला मास्तर रेल्वेत लागला आणि जूनमध्ये तिसरीचा वर्ग रिकामा झाला. संतोष तिसरीत गेलेला. अक्षर जोडून वाचायला त्याला यायचं नाही, फळ्याकडे बघितलं की तो शर्टाचं बटण चावायचा. मला रोज धास्ती, आता हा मागे पडला की कायमचा पडला, माझ्यासारखा. मी बाईंना वाटेत गाठून म्हटलं, "बाई, तिसरीला लवकर बघा ना कुणी." म्हणजे बघा, मीच मागितलेलं.

आठ दिवसांनी बाई एका मुलीला घेऊन आल्या. शालिनी. बी.ए. झालेली, मराठी घेऊन. साधी पोपटी साडी, नवी नेसायला लागलेली असावी, उंबरा ओलांडताना निऱ्या धरून आली. बाई म्हणाल्या, "हिला मी पकडलं नाही हो. हीच माझ्या मागे आली. म्हणाली, बाई, तुम्ही मुलांनाच अडवता, मुलींना का नाही?"

संतोष ट्रंकेच्या मागे लपलेला. एरवी तो माणूस जाईपर्यंत निघायचा नाही. त्या मुलीने त्याला हाक मारली नाही, बोलावलं नाही. चटई सोडून खाली फरशीवर बसली, तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि फरशीवर स काढला. स वाळायला लागला. मग परत काढला. तिसऱ्यांदा ती काढता काढता थांबली, अर्धाच सोडला. संतोष ट्रंकेमागून आला आणि त्याने तो पुरा केला. मग तो तिथेच तिच्या मांडीला टेकून बसला. मला आतून भरून आलं. मनात मी तिला कधीच पास केलेलं.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "आडनाव विचार की गं."

बाई म्हणाल्या, "आजी, आपलं ठरलंय ना, आडनाव नाही विचारायचं."

"तुमचं ठरलं असेल. आमच्या घरात चहा पितात माणसं."

आणि मी विचारलं. सासूबाईंनी नाही, मी. आजवर मी स्वतःला सांगत आले की त्यांनी विचारायला लावलं, पण तोंड माझंच होतं. "आडनाव काय तुमचं?" असं हसत विचारलं, जसं काही सहज.

तिने सांगितलं. वडील कुठे कामाला ते पण सांगितलं, मी न विचारता, म्युनिसिपालटीत, सफाईला, आणि घर तिथल्याच वसाहतीत. आवाज जराही खाली केला नाही. सासूबाई सूप तसंच ठेवून बाहेर निघून गेल्या.

स्टोवर चहा झालेला. फळीवर स्टीलचे पेले उपडे होते, पाहुण्यांचे. आणि मोरीच्या खिडकीत एक काचेचा ग्लास वेगळा ठेवलेला असायचा. तो कुणासाठी हे आमच्या घरात कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. माझा हात खिडकीकडे गेला. मी थांबवू शकले असते. बाहेर सासूबाईंचा आवाज येत होता, हौसाबाईला काही सांगत होत्या, आणि मला एवढंच दिसत होतं की रात्री हे घरी आल्यावर काय होईल. बाईंना स्टीलच्या पेल्यात दिला. तिला त्या ग्लासात.

तिने ग्लासाकडे बघितलं. बाईंच्या पेल्याकडे बघितलं. मग सगळा चहा प्यायली, घाई न करता. उठली, मोरीशी गेली, ग्लास स्वतः विसळला आणि खिडकीत जिथे होता तिथेच उपडा घातला. तिला ती जागा दाखवावी लागली नाही.

गल्लीत बाहेर आल्यावर बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "हं, पास?" हौसाबाईचं दार लागलेलं, पलीकडची दोन लागलेली. मी म्हटलं, "नाही बाई, म्हणजे, तिसरीला पुरुषमाणूस बरा. आमचा संतोष बायकांना बुजतो."

"बुजतो? आत्ता मांडीला टेकून बसला होता."

माझी धाकटी, लहानी, कडेवर रडत होती, मी तिलाच थोपटत राहिले, ती रडते याचा मला आधार वाटला. शालिनी चपला घालून म्हणाली, "बाई, चला. मला बस आहे." दोघी गेल्या. बाईंनी मागे वळून बघितलं नाही, एरवी कोपऱ्यावरून छत्री हलवायच्या.

नंतर बाईंकडूनच कळलं. त्या तिला घेणारच होत्या. "आई नाही म्हणाली तर नाही, हा नियम मी केला, मीच मोडते म्हटलं. तर ती म्हणाली, नको बाई, ज्या आईने नको म्हटलं तिच्या मुलाला मी कशी शिकवू? शेवटी मीच तिला कोपरच्या एका शाळेत घेऊन गेले. तिथे आईला विचारत नाहीत." हे सांगताना बाई चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीपर्यंत तिसरीला कुणी मिळालं नाही. बाईंनी चौथी आणि तिसरी दोन्ही घेतल्या. एका खोलीत गणित घालायच्या आणि दुसऱ्या खोलीत धडा वाचायला पळायच्या. पत्रे तापलेले, डोक्यावर ओला रुमाल. गल्लीत कपडे वाळत घालताना मला त्यांचा आवाज ऐकू यायचा, आधी या खिडकीतून, मग त्या, आणि मधल्या पडवीत दम खाताना थांबलेला. संतोषकडे कोण बघणार? त्याची पाटी तशीच यायची. सहामाहीत तो भाषेत गेला. घरी सासूबाई म्हणाल्या, "बाईंनाच शिकवता येत नाही." मी ऐकून घेतलं.

मला वाटलं, आता बाई आमच्या दारात यायच्या नाहीत. पण पुढच्या जूनला आल्या, एका चष्मेवाल्या पोराला घेऊन. मी म्हटलं, "बाई, मला नका विचारायला लावू."

"का? एकदा गेलं म्हणून? माझ्या शाळेत कुणाला नापास म्हणत नाहीत. परत बसायचं."

त्या कुणालाच नापास म्हणायच्या नाहीत, संतोषला पण नाही, त्या गॉगलवाल्याला पण नाही. मी खाली बसले आणि त्या पोराला विचारलं, "पोराला मारणार का हो?" आणि मला रडू आलं. तो बिचारा घाबरला, म्हणाला, "नाही हो वहिनी, आईशप्पथ नाही."

एकदा हिंमत करून मी शाळेत जाऊन बाईंना म्हटलं, "बाई, मला माफ करा, त्या दिवशीचं." बाई वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "मला कशाला? माझं आडनाव तू कधी विचारलंस? माझ्या बोलण्यावरूनच तुला कळलं आणि मला स्टीलचा पेला मिळाला. मला काही लागलं नाही. जिला लागलं ती कोपरला आहे, स्टेशनपासून पाच मिनिटं."

मी दोनदा गेले. पहिल्या वेळी शाळा सापडली पण मधली सुट्टी होती, पोरांच्या गराड्यात ती उभी होती, पोपटी नाही, निळी साडी. मी फाटकाशी उभी राहिले आणि शिपाई "कोण पाहिजे?" म्हणाला तर मी "कुणी नाही" म्हटलं. दुसऱ्या वेळी स्टेशनातून बाहेरच पडले नाही. पुलावर मेथी घेतली आणि परत आले. घरी विचारलं तर मेथी दाखवता यावी म्हणून.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. शाळेतच चक्कर आली, आठ दिवस ठाण्याला नौपाड्यात भावाकडे होत्या, तिथेच. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. पत्रे, ओला रुमाल, दोन खोल्या, हे मी कुणापाशी बोलत नाही, पण माझ्या डोक्यात ते फिरतं.

शाळेत शोकसभा ठेवली. चौथीच्या खोलीत सतरंज्या टाकलेल्या, बाईंचा फोटो खुर्चीवर. त्यांनी पकडलेले सगळे आलेले, कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी खरंच मास्तर झालेले. एकेक जण उठून सांगत होता, मला बाईंनी कसं पकडलं. छत्रीचं सांगितलं की लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. आम्ही आया भिंतीला टेकून बसलेलो. सासूबाई पण आल्या होत्या.

आणि ती उठली. शालिनी. मी तिला आत येताना बघितलंच नव्हतं. मांडीवर लहानी होती, तिला मी इतकी घट्ट धरली की ती कुरकुरली. शालिनीने आम्हा बायकांच्या रांगेकडे बघितलं, माझ्याजवळ नजर आल्यावर जरा थांबली. आता सांगणार. सगळ्यांसमोर सांगणार, नाव घेऊन सांगणार, आणि सांगितलं तर बरोबरच आहे.

ती म्हणाली, "मी बाईंच्या हाताखाली काम केलेलं नाही. बाईंनी मला या शाळेसाठीच आणलं होतं. पण इथे तेव्हा जागा नव्हती, म्हणून त्यांनी मला कोपरला लावलं. त्या दिवशी त्या माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आल्या, सबंध वाट माझा हात धरून होत्या. मी आज शिक्षिका आहे ती त्यांच्यामुळे." एवढंच. फोटोला नमस्कार केला आणि बसली.

लोकांनी माना डोलवल्या. सासूबाई म्हणाल्या, "चांगली बोलली हो मुलगी, कोण गं ती?" त्यांना ओळखू पण आली नाही. आणि मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. सुटले असं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं मी श्वास सोडला, अगदी आवाज येईल इतका, आणि घरी येऊन भात टाकला. भात शिजेपर्यंत मला कळलं की त्या ग्लासापेक्षा पण हे वाईट. तिने माझं झाकलं आणि मी झाकू दिलं.

जागा होती. तिसरीचा वर्ग दिवाळीपर्यंत रिकामा होता. तेवढंच उठून म्हणायचं होतं, मला म्हणता आलं नाही.